दुसऱ्याच्या राज्यातला छापखाना

आमचे आजोबा वर्तमानपत्राचं पान दिव्यासमोर धरून पाठीमागच्या बाजूनं वाचून दाखवायचे. पलीकडची अक्षरं कागदातून आरपार दिसायची, सगळी आरशातल्यासारखी, आणि आजोबा ती घडाघडा वाचत सुटायचे. आम्हा नातवंडांना ती जादूच वाटायची. "यात कसली जादू," ते म्हणायचे, "माझा तर सगळा जन्म असंच वाचण्यात गेला." गिरगावातल्या एका छापखान्यात ते कंपॉझिटर होते. शिशाच्या खिळ्यावर अक्षर उलटं असतं, तेव्हा कुठं ते कागदावर सुलटं उमटतं. निवृत्त होताना आठवण म्हणून त्यांनी खिळे जुळवायची एक जुनी स्टिक आणि मूठभर खिळे घरी आणले होते. दुपारी ओटीवर बसून ते खिळे स्टिकमध्ये लावायचे आणि मला विचारायचे, "हं, सांग काय लिहिलंय?" मी सहासात वर्षांची असेन. शाळेत सुलटं वाचायला शिकत होते आणि घरी उलटं. आईला काळजी वाटायची की पोरीचं अक्षरज्ञान बिघडणार. माझं काही बिघडलं नाही, उलट आजतागायत मला तसं वाचता येतं, आणि त्याचा उपयोग एकदाच झाला. तो कसा ते शेवटी सांगते.

आमचं घर वर्सोव्याला, कोळीवाड्याला लागून असलेल्या एका वाडीत. दोन खोल्या आणि पुढं ओटी. आजोबा मूळचे बांद्याचे. हे बांदा सावंतवाडीजवळचं, गोव्याच्या अगदी उंबऱ्यावरचं गाव. १९३२ च्या सुमारास, पंधराएक वर्षांचे असताना, ते मुंबईला आले. पण गिरगावात नोकरी करणारा माणूस वर्सोव्याला कसा आला, याच्या आमच्या घरात दोन कथा आहेत. त्या काळी वर्सोवा म्हणजे माड, खाडी आणि अंधार. अंधेरी स्टेशनवर उतरायचं, घोडागाडीला पैसे असले तर ठीक, नाहीतर सात बंगल्यावरून पायी. आजोबांची कथा अशी की बेचाळीसच्या ऑगस्टनंतर छापखान्यात रात्री भूमिगतांच्या पत्रिका छापल्या जायच्या. पोलिसांचा डोळा गिरगावातल्या खोल्यांवर होता, म्हणून छापखान्यातल्या एका कोळी सोबत्यानं त्यांना आपल्या वाडीत आणून ठेवलं. आजीची कथा साधी होती. "गिरगावात भाडा परवडत नाय होता. तुझो आजो काय्येक सांगता." मला वाटतं, दोन्ही खरं असावं. माणूस घर बदलतो तेव्हा त्याला एकच कारण क्वचित असतं.

घरमालकीण कोळीण होती. तिला सगळे बाय म्हणत, आम्हीही बायच म्हणायचो. आमच्या ओटीसमोर मासळी वाळवायच्या तिच्या वलांड्या होत्या. नारळी पौर्णिमेनंतर होड्या दर्यात गेल्या की थोड्याच दिवसांत वलांड्यांवर बोंबील लटकायला लागायचे, तोंडात तोंड अडकवलेले, जोडीजोडीनं. त्या वासात आम्ही वाढलो. बाहेरून पाहुणे आले की नाकाला पदर लावायचे, आणि आजी मनातून दुखावायची, जणू वास तिच्याच घराचा होता.

बायबद्दल आजोबांची एक लाडकी गोष्ट होती. बेचाळीसच्या पत्रिकांचे गठ्ठे ती टोपलीत म्हावऱ्याखाली घालून अंधेरीच्या बाजारात पोचवायची, आणि वासामुळे पोलीस जवळ यायचे नाहीत. ऐकायला छान आहे. पुढं मोठेपणी मी बायलाच विचारलं. तेव्हा ती फार म्हातारी झाली होती, ओटीवर बसून जवळा निवडत होती. ती म्हणाली, "म्हावऱ्याखाली? शाई लागलेला म्हावरा कोन घेल गो?" तिनं गठ्ठे कधीच टोपलीत घातले नव्हते. झालं होतं ते असं. छपाईत बिघडलेले, डाग पडलेले कागद आजोबा घरी आणायचे. जाळायचे म्हणून आणायचे, पण कागद जाळणं त्यांच्या जिवावर यायचं. ते बायनं मागून घेतले आणि सुका जवळा बांधून द्यायला वापरले. म्हणजे ज्या पत्रिकेपायी माणसं तुरुंगात जात होती, ती मरोळच्या सुक्या बाजारात पावशेर जवळ्याबरोबर घरोघरी जात होती. बायला वाचता येत नव्हतं. पण तिच्या गिऱ्हाइकांपैकी कुणीतरी चुलीपुढं बसून पुडी सोडताना त्या ओळी वाचल्या असतीलच. मला ही गोष्ट आजोबांच्या गोष्टीपेक्षा जास्त आवडते.

त्या पत्रिकांची नावं आजोबांच्या तोंडून मी ऐकली आहेत, पण कुठली त्यांनी स्वतः जुळवली आणि कुठली नुसती हाताळली, याचा मेळ आता लागत नाही. 'क्रांतिकारी'चं नाव ते आवाज खाली आणून घेत, चाळीस वर्षांपूर्वीची भीती अजून अंगात असल्यासारखं. अच्युतराव पटवर्धन आणि एसेम जोशी त्याचे संपादक, आणि छपाईची धावपळ करणारे मधु लिमये तेव्हा विशीतले. त्या दिवसांत एसेम दाढी वाढवून मौलवीच्या वेषात फिरत होते. १९४३ च्या एप्रिलमध्ये 'मूषक महाल' या त्यांच्या लपण्याच्या जागेवर छापा पडला आणि साने गुरुजी पकडले गेले. हे सांगताना आजोबा गप्प व्हायचे. गुरुजी म्हणजे त्यांच्यासाठी देवघरातला माणूस. १९४८ च्या पंधरा ऑगस्टला गुरुजींची 'साधना' सुरू झाली, तिचे पहिल्या वर्षाचे अंक आमच्या घरी फळीवर रचलेले होते, आणि धुळीनं हात भरले तरी ते टाकायची कुणाची छाती नव्हती.

पण मला आज सांगायचं आहे ते वेगळ्याच एका वर्तमानपत्राबद्दल. ते ना मराठी, ना इंग्रजी.

छापखान्यात एक गोवेकर तारवटी यायचा. धोबीतलावच्या एका कुडीत त्याचं बिऱ्हाड, म्हणजे पत्र्याची पेटी आणि चटई. गावच्या माणसांनी गावच्या माणसांसाठी चालवलेल्या या कुडी म्हणजे गोव्याच्या खलाशांचं मुंबईतलं माहेर. बोटीवरून उतरलं की तिथं राहायचं, लाडीन, म्हणजे सगळ्यांनी मिळून करायची प्रार्थना, म्हणायचं, पुढच्या बोटीची वाट बघायची. कुडीच्या फेस्ताची पत्रकं आमच्या छापखान्यात छापली जायची, त्यावरून ओळख झाली. नंतर तो रविवारी वर्सोव्यालाही यायला लागला. आजीच्या हातचं बांगड्याचं तिखलं त्याला घरच्यासारखं लागायचं. बांद्याची मालवणी आणि त्याची कोंकणी यांत कुंपण असं नव्हतंच, दोघं तासन्‌तास बोलत बसायचे. आजी म्हणायची, पृथ्वीवरची सगळी बंदरं हिंडून आलेला हा माणूस जेवताना मात्र दरवेळी आपल्या आईच्याच सोलकढीची गोष्ट काढायचा.

त्याच्या तोंडून गोव्यातले हाल ऐकले की आजोबा अस्वस्थ व्हायचे. सालाझारच्या राजवटीत तिथं छापण्यावर इतका जाच होता की लग्नाची पत्रिकासुद्धा आधी सेन्सॉरला दाखवावी लागायची. आजोबांनी हे ऐकून स्टिक खाली ठेवली होती म्हणे. कंपॉझिटरच्या लेखी लग्नपत्रिका म्हणजे हाताला सवय असलेलं काम, 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' डोळे मिटून जुळवायचं. तीही सरकारनं वाचायची?

हा तारवटी एकदा मार्सेलहून येताना बाटल्यांभोवती गुंडाळलेलं फ्रेंच वर्तमानपत्र घेऊन आला. मला वाटतं १९५३ किंवा ५४. बाटल्या कुणाला दिल्या ठाऊक नाही, कागद आजोबांना दिला. 'ल्युमानिते' त्याचं नाव. तारवट्यानं सांगितलं, म्हणजे मानवता. आजोबांना फ्रेंचचं एक अक्षर येत नव्हतं, पण त्यांनी ते पान बोटांनी चाचपून वाचलं. ओळी किती घट्ट जुळवल्यात, मथळ्याचा टाइप कुठला, समासाला किती जागा सोडली. "जुळवणारा हुशार होता," एवढाच त्यांचा अभिप्राय. ते पान त्यांनी जपून ठेवलं.

आणि त्याच संध्याकाळी ओटीवर मार्सेलची गोष्ट निघाली. ती आमच्या घरात इतक्यांदा सांगितली गेली की मला वाटायचं, आजोबाच तेव्हा धक्क्यावर उभे होते. ८ जुलै १९१० ला 'मोरिया' बोटीच्या झरोक्यातून सावरकरांनी उडी मारली आणि पोहत फ्रान्सच्या किनाऱ्याला लागले. फ्रेंच भूमीवर पाय टेकले, म्हणजे इंग्रजांचा हात तिथं पोचायला नको होता. पण फ्रेंच शिपायानंच त्यांना पकडून परत बोटीवर दिलं. आपण शाळेत इथपर्यंत शिकतो. पुढचं आजोबांना तारवट्यानं सांगितलं की आणखी कुणी, कोण जाणे. हे प्रकरण दडपलं गेलं नाही, कारण 'ल्युमानिते'नं ते उचलून धरलं. १९०४ मध्ये समाजवादी पुढारी ज्यां जोरेस यांनी काढलेलं हे पत्र. त्यात सावरकरांची बाजू मांडणारा ज्यां लाँग्वे हा कार्ल मार्क्सचा सख्खा नातू, मुलीचा मुलगा. फ्रान्सच्या जमिनीवर आलेल्या माणसाला आश्रयाचा हक्क आहे, त्याला परत मागा, असा धोशा त्यांनी लावला, आणि फ्रेंच सरकारला इंग्रजांकडे तक्रार करावीच लागली. खटला हेगच्या लवादापुढं गेला. २४ फेब्रुवारी १९११ ला निकाल लागला, आणि सावरकरांना परत द्यायची इंग्रजांवर सक्ती नाही असं ठरलं.

आजोबा गुरुजींचे माणूस. १९४८ च्या गांधीहत्येनंतर आमच्या घरात सावरकरांचं नाव सहजी निघत नसे. तरी ही गोष्ट सांगताना ते हात आखडता घ्यायचे नाहीत. आश्रय मागणाऱ्याचं मत विचारून आश्रय देत नाहीत, असं ते म्हणायचे. पॅरिसमधल्या मादाम कामांचाही ते फार आदरानं उल्लेख करत. १९०७ मध्ये जर्मनीत स्टुटगार्टला समाजवाद्यांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिथं या मुंबईच्या पारशी बाईनं हिंदुस्थानचा झेंडा उभारला. 'वंदे मातरम्' हे पत्र त्यांनी पॅरिसमध्ये राहून चालवलं आणि छापलं जिनिव्हाचं नाव घालून. हिंदुस्थानात ते छापणं शक्यच नव्हतं.

इथं आजोबांची आवडती उपपत्ती यायची. पान खाऊन झालं की ती हमखास निघे. ते म्हणायचे, आपल्या राजाच्या राज्यात आपलं पत्र छापता येत नाही, ते नेहमी शेजारच्या राजाच्या राज्यात छापावं लागतं. इंग्रजांविरुद्ध लिहायचं तर फ्रेंचांच्या हद्दीत, पोर्तुगीजांविरुद्ध लिहायचं तर मुंबईत. प्रत्येक राजाला दुसऱ्या राजाविरुद्धचं लिखाण थोडंफार चालतं. त्या फटीत छापखाना बसतो.

मी पुढं कॉलेजात इतिहास घेतला तो या उपपत्तीमुळं, आणि ती बरीचशी खरी निघाली. तमिळ कवी सुब्रह्मण्य भारती १९०८ मध्ये मद्रासहून निसटून फ्रेंचांच्या पुदुच्चेरीत गेले आणि 'इंडिया' हे आपलं साप्ताहिक तिथून काढायला लागले. इंग्रजांना त्याची टपाल अडवण्यापलीकडं काही करता येईना. १९१० मध्ये अरविंद घोषही तिथंच आले. इंग्रजांचे हेर गावभर फिरत, पण गाव फ्रेंचांचं.

मात्र आजोबांना जे ठाऊक नव्हतं तेही मला तिथंच सापडलं. शेजारचा राजा आपल्या प्रजेशी तसा वागत नाही. पुदुच्चेरीतच व्ही. सुब्बैया नावाच्या तरुणानं १९३४ मध्ये 'स्वतंत्रम्' हे तमिळ पत्र काढलं. त्यात गिरणी कामगारांची बाजू असायची, हरिजनांची असायची, आणि बोलणं थेट फ्रेंच सत्तेशी असायचं. आता तीच भारतींना थारा देणारी सत्ता डोळे वटारायला लागली. ३० जुलै १९३६ ला पुदुच्चेरीच्या गिरण्यांत संपावरच्या कामगारांवर गोळीबार झाला, बारा जण ठार झाले. त्या वेळी पॅरिसमध्ये पंतप्रधान कोण होते? लेआँ ब्लुम, फ्रान्सचे पहिले समाजवादी पंतप्रधान. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसले. जोरेसच्या पंगतीतली माणसं गादीवर, आणि वसाहतीत बारा कामगार मरतात. पुढच्याच वर्षी तिथं आठ तासांच्या दिवसाचा कायदा आला, हेही सांगायला हवं. पण तो बारा माणसांनंतर आला. मी हे वाचलं तेव्हा आजोबा असते तर काय म्हणाले असते, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. त्यांच्या 'मानवता'च्या पानाला त्यांनी धक्का लागू दिला नसता, असं वाटतं. पण रात्री ते जेवले नसते.

या सगळ्याला जोडणारा माणूस आमच्या शेजारचाच, गोव्याचा. त्रिश्तांव ब्रागांझा कुन्हा, सगळे टी. बी. कुन्हा म्हणत. चांदरचा जन्म, १८९१ चा. शिकायला गेले ते पुदुच्चेरीला, फ्रेंच शाळेत. म्हणजे पोर्तुगीज राज्यातला मुलगा फ्रेंच राज्यात, आणि त्याच गावात भारती. तिथून १९१२ मध्ये पॅरिस. विजेची इंजिनिअरी शिकले, नोकरी केली, रोमाँ रोलाँच्या वर्तुळात वावरले आणि फ्रेंच पत्रांतून हिंदुस्थानच्या चळवळीबद्दल लिहीत राहिले. १९२६ मध्ये परत आले, १९२८ मध्ये गोवा काँग्रेस कमिटी उभी केली. मग १८ जून १९४६. राममनोहर लोहिया आपल्या बर्लिनच्या दिवसांतल्या मित्राकडे, ज्युलियांव मिनेझिसांकडे असोळण्याला विश्रांतीला गेले होते, आणि मडगावला भर पावसात नागरी हक्कांसाठी सभा झाली. त्यानंतर जुलैत कुन्हांना धरलं, लष्करी न्यायालयापुढं उभं केलं आणि आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालच्या पेनिशच्या किल्ल्यात धाडलं. तिथून सुटल्यावर पोर्तुगालमधून निसटून ते गेले कुठं? पुन्हा पॅरिसलाच. तिथून १९५३ मध्ये मुंबई, आणि मुंबईत त्यांनी काढलं 'फ्री गोवा'.

'फ्री गोवा' इंग्रजी, त्यामुळं ते आजोबांच्या खिळ्यांच्या केसवर कधी आलं नाही. त्यांच्याकडे यायची ती गोवा विमोचनाची मराठी पत्रकं, सभांच्या जाहिराती, सत्याग्रहींच्या याद्या. कुन्हांना त्यांनी एकदाच बघितलं, एका सभेत, शेवटच्या रांगेतून. काय बोलले ते आठवत नव्हतं. सभा संपल्यावर खुर्च्या उचलायला आपण मदत केली, हे मात्र ते ठासून सांगत.

१९५४ साल फार आशेचं होतं. जुलैत पोर्तुगीजांच्या ताब्यातलं दादरा मोकळं झालं, ऑगस्टच्या सुरुवातीला नगर हवेली. सुधीर फडकेही त्या लढ्यात होते, याचं आजीला विशेष. रेडिओवर त्यांचं गाणं लागलं की हातातलं काम थांबवायची. आणि १८ ऑक्टोबरला पुदुच्चेरीजवळ किळूरला मतदान झालं. १७८ लोकप्रतिनिधी, त्यातले १७० भारताच्या बाजूनं, ८ विरुद्ध. १ नोव्हेंबरला फ्रेंचांनी कारभार सोपवला. हे आकडे आजोबांना मरेपर्यंत पाठ होते, कारण ते त्यांनी हातानं जुळवले होते. त्या संध्याकाळी ते अंधेरीहून जिलबीचा पुडा घेऊन आले. बायनं विचारलं, कुणाचं लगीन? आजोबा म्हणाले, फ्रेंच गेले, आता पोर्तुगीज जातील. बाय म्हणाली, पोर्तुगीज तर इथून कवाच गेले. ती खाडीपलीकडच्या मढच्या किल्ल्याबद्दल बोलत होती. तो पोर्तुगीजांचाच, पुढं मराठ्यांनी जिंकलेला. तिच्या हिशोबात ते काम झालेलं होतं.

पोर्तुगीज जाणार नव्हते. १९५५ च्या मे महिन्यात नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट पहिली तुकडी घेऊन गोव्यात शिरले. त्याच्या आधी, एप्रिलमध्ये, सुधाताई जोशी म्हापशाला पकडल्या गेल्या होत्या. जुलैत मधु लिमये गेले, त्यांना बारा वर्षांची शिक्षा झाली. आजोबा सांगायचे, त्या उन्हाळ्यात 'सत्याग्रह' हा शब्द इतका यायचा की 'त्य'चे खिळे पुरेनात. केसमधलं 'त्य'चं घर दुपारपर्यंत रिकामं. मग आधीचा छापून झालेला मजकूर घाईघाईनं सोडवायचा, खिळे रॉकेलनं पुसायचे आणि पुन्हा घरात टाकायचे. ज्या खिळ्यानं सकाळी नानासाहेबांचा सत्याग्रह छापला, त्याच खिळ्यानं रात्री दुसऱ्या कुणाचा. शिशाचा काळा थर बोटांवर कायमचा बसला होता. शिसं अंगात भिनू नये म्हणून आजी रोज रात्री त्यांच्या हातावर गुळाचा खडा ठेवायची. गुळानं शिसं जातं की नाही देव जाणे, पण मला आठवतंय तेव्हाही, नोकरी सुटून वर्षं झाली तरी, तो खडा ठेवला जायचा.

१९५५ च्या त्या वर्षी आजी बांद्याला होती. तिची आई आजारी म्हणून मे महिन्यात वेंगुर्ल्याच्या बोटीनं गेली, बरोबर माझे वडील, दहा वर्षांचे. पावसाळ्यात बोट बंद, म्हणून तिथंच राहिली. तिच्या माहेरच्या ओटीवर, गोठ्यात, देवळात, शाळेत, सगळीकडं सत्याग्रही उतरलेले. पंजाबचे, बंगालचे, मध्य प्रदेशचे. "तेंका चपाती होयी होती," आजी सांगायची, "आणि माझ्याकडे उकड्या तांदळाची पेज आणि कुळथाची पिठी. गव्हाचा पीठ आणतलंय खयसून?" एका पंजाबी मुलाला पेजेचं काय करायचं तेच समजेना. वाटी तोंडाला लावून त्यानं पाण्यासारखी प्यायली आणि वर मीठ मागितलं. आजी हसायची हे सांगताना. त्याचं नाव तिनं विचारलं नव्हतं.

१५ ऑगस्टला सकाळी सगळे सीमेवरच्या पत्रादेवीकडं निघाले. पाऊस होता. माझ्या वडिलांना फार थोडं आठवतं, भिजून काठीला चिकटलेले झेंडे आणि चिखलात अडकलेली एक चप्पल. त्यांना गोळ्यांचा आवाज आठवत नाही. आजी म्हणायची, तू आत होतास. त्या दिवशी गोव्याच्या सीमेवर ठिकठिकाणी मिळून वीसहून अधिक सत्याग्रही मेले. पत्रादेवीला कर्नेलसिंग बेनिपाल पडला, पंजाबचा, तरुण. आजी त्या मुलाबद्दल, तो पेज पिणाराच होता का, याबद्दल कधीच काही म्हणाली नाही. आम्हीही विचारलं नाही. दुपारनंतर कांबळ्यांच्या झोळ्या करून माणसं आणायला लागले. संध्याकाळच्यासाठी बायकांनी मोठा टोप भरून पेज शिजवून ठेवली होती. ती कुणी घेतली नाही. रात्री आजीनं ती गुरांपुढं ओतली. एवढं सांगून ती उठायची आणि काहीतरी काम काढायची.

त्यानंतर दिल्लीनं सत्याग्रहींना सीमा ओलांडायला बंदी केली. आजोबांना ते सोसवलं नाही. याच सुमाराला तारवटी येईनासा झाला. बोटीवर गेला तो गेलाच. २६ सप्टेंबर १९५८ ला कुन्हा मुंबईत वारले. त्यांना शिवडीच्या स्कॉटिश दफनभूमीत ठेवलं. १९८६ मध्ये त्यांचे अवशेष पणजीला नेले, ती बातमी मी आजोबांना वाचून दाखवली. त्यांना मोतीबिंदू झाला होता, सुलटंही दिसत नव्हतं. "गेला ना घरी," म्हणाले. दुसऱ्या वर्षी ते गेले.

आजी त्यानंतर बारा वर्षं होती. तिच्या स्वयंपाकघरात तांदळाचा डबा ठेवायची एक लाकडी फळी होती, खाली जमिनीलगत, निळा रंग दिलेली. फळीवर कागद अंथरायची तिला सवय. डबा जड, त्यामुळं खालचा कागद वर्षानुवर्षं कुणी बदलला नाही.

२६ जुलै २००५ ला आमच्या वाडीत गुडघ्याच्या वर पाणी आलं. 'साधना'चे अंक वर होते, ते वाचले. पाणी ओसरल्यावर तिसऱ्या दिवशी मी आणि वडील चिखल काढायला बसलो. तांदळाचा डबा उचलला, तांदूळ आंबून फुगले होते. खालचा कागद लगद्यासारखा हातात आला, बोटांतून गळून पडला. त्याखाली निळ्या रंगावर शाई उतरलेली होती. फिकट, ठिकठिकाणी पुसलेली. वडील म्हणाले, काहीतरी इंग्रजी दिसतंय, पण लागत नाही.

मी फळी उजेडाकडं तिरकी धरली. अक्षरं मोठी होती, मथळ्याची, आणि उलटी. पहिली दोन-तीन गेली होती. उजवीकडून सुरुवात केली. एम. ए. एन. आय. टी. ई, आणि त्या ईच्या डोक्यावर बारीकशी तिरकी रेघ.